मित्रदेशांच्या बातम्या कशा वाचाव्यात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात दर रविवारी सकाळी तलावपाळीजवळ आमचा वृत्तपत्रवाचनाचा कट्टा भरतो. चार-पाच दैनिके समोर ठेवून एकाच बातमीची निरनिराळी रूपे पाहणे, एवढाच त्याचा उद्योग. नौपाडा, कळवा, ऐरोली, नेरुळ अशा ठिकाणांहून येणारी मंडळी एरवीही प्रश्न पाठवत असतात. परस्परांचे मित्र म्हणवणाऱ्या देशांच्या बातम्यांविषयी पुन्हापुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बातमीची 'मांडणी' म्हणजे काय? पक्षपातालाच हे सभ्य नाव दिले आहे का?

नाही. पक्षपातात बातमीदाराचा कल असतो. मांडणी ही कोणताही कल नसतानाही टाळता येत नाही, कारण शंभर तपशिलांतून दहा निवडावे लागतात आणि त्या दहांतला एक मथळ्यात जातो. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये मांडणीची चार कामे सांगितली : समस्या कोणती ते ठरवणे, तिचे कारण दाखवणे, नैतिक निवाडा सुचवणे आणि उपाय पुढे करणे. प्रत्येक बातमीत ही चारही कामे होतातच असे नाही, पण पहिले झाले की उरलेली तीन बहुधा वाचक स्वतःच पूर्ण करतो. यासाठीच्या इंग्रजीतील 'फ्रेम' या शब्दाला काही जण मराठीत 'चौकट' म्हणतात. आमच्या कट्ट्यावर तो शब्द टाळला जातो, कारण वृत्तपत्रात चौकट म्हणजे बातमीशेजारी रेघा मारून दिलेला छोटा मजकूर, आणि निम्मी सभा तोच शोधत बसते.

२. मित्रदेश नेमके कोणाला म्हणायचे? भारत आणि अमेरिका मित्रदेश आहेत का?

मराठी वृत्तपत्रे 'मित्रदेश' हा एकच शब्द तीन वेगळ्या नात्यांसाठी वापरतात आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. पहिले नाते संरक्षण-कराराने बांधलेले असते. १९४९ मध्ये स्थापन झालेली नाटो किंवा १९६० चा अमेरिका-जपान सुरक्षा करार ही त्याची उदाहरणे. तेथे हल्ला झाल्यास मदतीची कायदेशीर बांधिलकी असते. दुसरे नाते सामरिक भागीदारीचे. भारताने १९९८ मध्ये फ्रान्सशी अशी भागीदारी जाहीर केली, जपानशी असलेल्या नात्याला २०१४ मध्ये 'विशेष सामरिक आणि जागतिक भागीदारी' असे नाव मिळाले आणि अमेरिकेने २०१६ मध्ये भारताला 'प्रमुख संरक्षण भागीदार' म्हटले. यांपैकी कशातही एकमेकांसाठी लढण्याचे वचन नाही. तिसरे नाते इतिहासाचे आणि सवयीचे असते. नेपाळच्या बातमीत 'रोटी-बेटीचे नाते' हे शब्द येतात तेव्हा ते या तिसऱ्या प्रकाराविषयी असतात.

९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार यांपैकी कोठे बसतो, असा प्रश्न दर वेळी येतोच. तो पहिल्या प्रकाराच्या उंबरठ्यावरचा होता. धोका निर्माण झाल्यास परस्परांशी विचारविनिमय करण्याचे कलम त्यात होते, आपोआप युद्धात उतरण्याचे नव्हते. म्हणून 'मित्रदेशाने साथ सोडली' असे वाचल्यावर आधी पाहावे की साथ देण्याचे वचन मुळात कोणी दिले होते काय.

३. एकाच वृत्तपत्रात एकाच मैत्रीचे चित्र पानागणिक वेगळे का दिसते?

कारण पाने वेगवेगळ्या लोकांची असतात. ठाणेकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी अहमदाबादेत केली. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा तिचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यापैकी सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, शिवाय जिल्ह्यातले स्थानक, भिवंडी तालुक्यातला आगार असे सगळे आपल्याच परिसरात येते.

पहिल्या पानावर या प्रकल्पाची बातमी दोन नेत्यांच्या मैत्रीची असते. तेथे नाव असलेली माणसे दोनच, आणि ती एकमेकांचा हात हातात घेऊन उभी. अर्थविषयक पानावर तीच बातमी कर्जाची होते : सुमारे ८८ हजार कोटी रुपये, ०.१ टक्के व्याज, परतफेडीला ५० वर्षे आणि त्यातली पहिली १५ वर्षे सवलतीची. ठाण्याच्या पुरवणीत पोहोचेपर्यंत जपान बातमीतून जवळजवळ नाहीसा होतो. उरतात शीळ-डायघर परिसरातली जमीन, मोबदल्याचा दर, महासभेपुढचा प्रस्ताव आणि मोजणीला आलेले अधिकारी. तिन्ही बातम्या खऱ्या आहेत. मात्र पहिल्या पानावर 'मदत' हा शब्द येतो, अर्थाच्या पानावर 'कर्ज' आणि पुरवणीत 'भूसंपादन', आणि ज्याने एकच पान वाचले त्याला प्रकल्पाचे एकच नाव ठाऊक होते.

माझे मत विचाराल तर मैत्रीची मांडणी ही या तिघींत सर्वांत कमी माहिती देणारी आहे. 'जवळजवळ बिनव्याजी' असे म्हटल्यावर कर्ज येनमध्ये आहे, म्हणजे परतफेडीच्या वेळी रुपया आणि येन यांचा विनिमयदर काय असेल यावर त्याची खरी किंमत ठरणार, हे वाक्य सहसा मथळ्याच्या आसपासही फिरकत नाही. शिंकान्सेन, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचे तंत्रज्ञान घेणे हाही त्याच व्यवहाराचा भाग होता. यात गैर काही नाही, देश असेच व्यवहार करतात. पण व्यवहाराच्या अटी मैत्रीच्या छायाचित्राखाली झाकल्या जातात. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूसाठीही जपानी कर्ज होते. १२ जानेवारी २०२४ रोजी तो अटल सेतू म्हणून सुरू झाला, तेव्हा उलवे-उरणकडच्या वाचकांनी बातम्यांत अधिक वाचले ते टोलच्या दराविषयी.

४. 'भारताने ठणकावले', 'खडे बोल सुनावले' असे मथळे येतात, तेव्हा खरोखर काय बोलले गेलेले असते?

बहुतेक वेळा मथळ्यापेक्षा बरेच सौम्य. राजनयात शब्दांची एक चढती श्रेणी असते : 'आम्ही बातम्या पाहिल्या आहेत', 'विषय संबंधित सरकारपुढे मांडला आहे', 'चिंता व्यक्त केली', 'तीव्र आक्षेप नोंदवला', 'निषेध केला'. प्रत्येक पायरी मुद्दाम निवडलेली असते आणि समोरच्या देशाचा दूतावास ती तशीच मोजतो. मराठी मथळा मात्र या पाचही पायऱ्यांना एकाच क्रियापदात बसवतो.

हे मी बाहेरून सांगत नाही. एका मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत मी बरीच वर्षे काढली. एका रात्री मित्र म्हणवणाऱ्या देशातील भारतीय विद्यार्थ्यांच्या प्रश्नावर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याचे एका ओळीचे उत्तर वृत्तसंस्थेकडून आले : हा विषय तेथील सरकारपुढे मांडला आहे. जागा तीन स्तंभांची होती आणि 'विषय मांडला' हे शब्द तेथे मोकळे-मोकळे, अगदीच मिळमिळीत दिसत होते. मी 'ठणकावले' लिहिले, ते नेमके बसले, आणि शेवटची लोकल चुकू नये म्हणून पान छपाईला सोडून निघालो. सकाळी दूध केंद्रावर शेजारचे काका अंक हातात धरून म्हणाले, "बरं झालं, चांगलं सुनावलं आपण!" आपण काहीच सुनावले नव्हते. मथळ्याखालच्या पहिल्याच परिच्छेदात ते स्पष्ट छापले होते, पण तेथवर काका गेलेच नव्हते, आणि त्यांनी का जावे?

तेव्हापासून माझी सवय अशी की मथळ्यातले क्रियापद पेन्सिलीने झाकायचे आणि बातमीतल्या अवतरणचिन्हांमधले क्रियापद त्या जागी ठेवून मथळा पुन्हा वाचायचा. अवतरणचिन्हेच नसतील तर प्रश्न ९ पहा.

५. 'मैत्रीत मिठाचा खडा', 'दुरावा', 'रुसवेफुगवे' अशा शब्दांनी काय बिघडते?

वाचायला बरे वाटते, हे खरे, आणि मराठी मथळ्यांची ती लज्जतही आहे. पण या शब्दसंग्रहात दोन देश दोन माणसे होतात, त्यांना मन असते, ते दुखावते आणि मग कोणीतरी समजूत काढायची असते. एखाद्या मालावरील शुल्काच्या वादात दोन्ही देशांत लाभ होणारे आणि तोटा होणारे असे किमान चार गट असतात. रुसव्याच्या भाषेत ते चारही अदृश्य होतात. दुसरा परिणाम असा की उपायही कौटुंबिक सुचतो, म्हणजे दोन नेत्यांनी भेटावे, गळाभेट घ्यावी. भेट झाली की 'दुरावा मिटला' असा मथळा येतो, शुल्काचा दर मात्र तेवढाच राहिलेला असतो.

६. मित्रांच्या भांडणाची बातमी विरोधकांच्या भांडणापेक्षा वेगळी लिहिली जाते का?

होय, आणि फरक मुख्यतः एका शब्दाचा असतो : 'विश्वासघात'. विरोधकाने आपल्याविरुद्ध काही केले तर ते अपेक्षितच असते, विश्वासघात मात्र मित्रच करू शकतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाने अमेरिका आणि ब्रिटन यांच्यासोबत अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांसाठीचा 'ऑकस' करार जाहीर केला आणि फ्रान्सकडून १२ पाणबुड्या घेण्याचा आधीचा व्यवहार मोडला. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ज्याँ-इव्ह ल द्रियाँ यांनी पाठीत खंजीर खुपसल्याची भाषा वापरली आणि १७ सप्टेंबरला वॉशिंग्टन व कॅनबेरा येथील राजदूत चर्चेसाठी माघारी बोलावले. फ्रान्सच्या मांडणीत मुद्दा विश्वासाचा होता, ऑस्ट्रेलियाच्या मांडणीत पाणबुड्यांच्या क्षमतेचा आणि चीनचा, तर ब्रिटिश सरकारच्या मांडणीत जहाजबांधणीतील रोजगाराचा. लंडनचा राजदूत मात्र फ्रान्सने बोलावला नाही. ब्रिटनला गाडीचे पाचवे चाक म्हणून मोडीत काढणे हाच त्यांचा अपमान होता, आणि न घडलेल्या कृतीची ही बातमी अनेकांच्या नजरेतून निसटली.

पाचच दिवसांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन आणि फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले, संयुक्त निवेदन निघाले आणि राजदूत परत पाठवायचे ठरले. पाणबुड्यांचा व्यवहार परत आला नाही. मित्रांच्या भांडणाच्या बातम्यांत समेट नेहमी मोठ्या अक्षरांत छापला जातो आणि कायमचे काय गेले ते आतल्या पानावर जाते.

७. एकाच घटनेवर दोन्ही देशांची वृत्तपत्रे परस्परविरुद्ध बातम्या देतात. खोटे कोण बोलते?

बऱ्याचदा कोणीच नाही. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यू यॉर्कमधील भारताच्या उप-महावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकाम करणाऱ्या महिलेच्या व्हिसा अर्जात वेतनाविषयी खोटी माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर होता, तो त्यांनी नाकारला होता. भारतातील बहुतेक वृत्तपत्रांत समस्या होती ती एका भारतीय अधिकाऱ्याला मिळालेली वागणूक, विशेषतः अंगझडती. अमेरिकेतील बातम्यांत समस्या होती ती घरकामगाराचे वेतन. दिल्लीत अमेरिकी दूतावासाबाहेरचे सुरक्षा कठडे हटवले गेले, ते आपल्याकडे स्वाभिमानाचे दृश्य ठरले आणि तिकडे सुरक्षेशी खेळ. आरोपांच्या खरेखोटेपणाचा न्यायालयात निकाल लागण्याआधीच, जानेवारी २०१४ मध्ये, राजनैतिक संरक्षण मिळून त्या मायदेशी परतल्या.

आमच्या कट्ट्यावर या प्रकरणाची जुनी कात्रणे काढली तेव्हा ऐरोलीच्या एका ताईंनी विचारले की घरकाम करणारी बाईही भारतीयच होती, मग 'भारताचा अपमान' या मथळ्यात ती कोणत्या बाजूला धरायची? त्या दिवशी त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. एंटमन यांच्या चार कामांपैकी पहिले (प्रश्न १) किती दूरवर जाते, हे त्या एका प्रश्नाने कळले.

८. बैठकीनंतर दोन्ही सरकारे वेगवेगळे सांगतात तेव्हा कोणाचे धरावे?

संयुक्त निवेदन असेल तर ते, कारण त्यातला प्रत्येक शब्द दोघांनी मान्य केलेला असतो. नसेल तर प्रत्येक सरकार आपापले टिपण प्रसिद्ध करते, आणि तेव्हा दोन्ही टिपणे शेजारी ठेवून एकात असलेले आणि दुसऱ्यात नसलेले विषय शोधावेत, वादाचा विषय बहुधा तेथेच असतो. टोकाचे उदाहरण २२ जुलै २०१९ चे. पाकिस्तानचे पंतप्रधान इम्रान खान शेजारी बसलेले असताना अध्यक्ष ट्रम्प म्हणाले की काश्मीरप्रश्नी मध्यस्थी करण्याची विनंती मोदी यांनी आपल्याला केली होती. अशी कोणतीही विनंती केलेली नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने लगोलग स्पष्ट केले आणि दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत तेच सांगितले. अशा वेळी 'ट्रम्प यांचा दावा, भारताचा इन्कार' एवढाच मथळा प्रामाणिक असतो. त्यापुढचे सगळे अंदाज.

९. 'सूत्रांनी सांगितले' या बातम्यांवर किती विसंबावे?

परराष्ट्र धोरणाच्या बातम्यांत सूत्रे बहुधा आपल्याच सरकारची असतात, एवढे ध्यानात ठेवून विसंबावे. बातमीच्या सुरुवातीला 'नवी दिल्ली, वृत्तसंस्था' असे असेल आणि विषय टोकियोचा असेल, तर टोकियोची बाजू दिल्लीमार्गे आली आहे असे समजावे. अमेरिकी अभ्यासक लान्स बेनेट यांनी १९९० मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांविषयी असे मांडले की सत्तावर्तुळातील मतभेदांची व्याप्ती जेवढी, साधारण तेवढीच मतांची व्याप्ती बातम्यांत उतरते. आपल्याकडेही मित्रदेशाबाबत सत्ताधारी आणि विरोधक यांचे एकमत असते तेव्हा बातम्या एकसुरी होतात, आणि संसदेत खडाजंगी झाली की त्याच वृत्तपत्राला अचानक दुसरी बाजू सापडते.

१०. छायाचित्रांनाही हे लागू आहे का?

मथळ्यांपेक्षा जास्त. जून २०१८ मध्ये कॅनडातील शार्लवा येथे जी-७ परिषद झाली. टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे झुकलेल्या जर्मनीच्या तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल, समोर हाताची घडी घालून बसलेले ट्रम्प आणि मधोमध हाताची घडी घालून उभे शिंझो आबे, हे छायाचित्र जगभर छापले गेले. ते जर्मन सरकारच्या छायाचित्रकाराने काढले होते आणि जर्मन सरकारनेच प्रसिद्ध केले होते. त्याच घोळक्याची इतर देशांनी दिलेली छायाचित्रे पाहिली तर मध्यभागी दुसराच नेता बोलताना दिसतो. छायाचित्राखाली बारीक अक्षरांत श्रेय छापलेले असते, ते वाचण्याची सवय लावून घ्यावी. सरकारी छायाचित्र हेही निवेदनच.

११. 'राजदूताला पाचारण' आणि 'राजदूत माघारी' यांत फरक काय?

पाचारण म्हणजे समोरच्या देशाच्या आपल्या येथील राजदूताला आपल्या मंत्रालयात बोलावून म्हणणे ऐकवणे. हे मित्रांतही वरचेवर घडते. माघारी बोलावणे म्हणजे आपला राजदूत त्यांच्या देशातून परत आणणे. ते गंभीर, पण तात्पुरते असू शकते (प्रश्न ६). हकालपट्टी ही तिसरी गोष्ट. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या नवव्या कलमानुसार यजमान देश कारण न देताही कोणा अधिकाऱ्याला 'अवांछित व्यक्ती' ठरवू शकतो. राष्ट्रकुल देशांत राजदूताऐवजी उच्चायुक्त असतो. हा अधिकारी मोठा किंवा लहान नसतो, फक्त पदनाम वेगळे.

१२. 'अमेरिकेने भारतावर ५० टक्के कर लावला' हा मथळा बरोबर होता का?

आकडा बरोबर, वाक्यरचना फसवी. ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असे शुल्क भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर लागू झाले. हे शुल्क तेथील सीमाशुल्क विभागाकडे भरतो तो अमेरिकी आयातदार. बोजा नंतर वाटला जातो : काही तो सोसतो, काही भारतीय निर्यातदाराकडून भाव पाडून घेतो, काही तेथील गिऱ्हाईक देते. औषधांसारख्या काही वस्तू त्यातून वगळलेल्या होत्या, त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औषधनिर्मात्याला आणि न्हावा शेवाहून कपडे पाठवणाऱ्याला तो मथळा सारखा लागू नव्हता. 'भारतावर' या शब्दाने मात्र सगळ्यांना एकाच रांगेत उभे केले आणि पहिल्या पानावर विषय अपमानाचा झाला. अडकलेल्या मागण्या, भावावरून चाललेली घासाघीस हे सगळे अर्थाच्या पानावर होते (प्रश्न ३).

१३. दोन देश तिसऱ्याचे मित्र आहेत, पण एकमेकांचे नाहीत. अशी बातमी कशी वाचावी?

जपान आणि दक्षिण कोरिया हे दोघेही अमेरिकेशी संरक्षण-कराराने बांधलेले, आपापसांत मात्र तसा करार नाही. जुलै २०१९ मध्ये जपानने सेमीकंडक्टर उद्योगाला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर नियंत्रणे कडक केली. जपानी सरकारची मांडणी सुरक्षेची होती. कोरियात मात्र ती सूडाची कारवाई म्हणून वाचली गेली, कारण आदल्या ऑक्टोबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातील सक्तीच्या मजुरीबद्दल जपानी कंपनीला भरपाई द्यायला लावली होती. ऑगस्टमध्ये कोरियाने गुप्तचर माहितीच्या देवाणघेवाणीचा करार संपवण्याची घोषणा केली आणि नोव्हेंबरमध्ये ती स्थगित केली. आपल्याकडच्या बहुतेक बातम्या इंग्रजी वृत्तसंस्थांमार्फत आल्या आणि त्यांत 'अमेरिकेला चिंता' हा धागा ठळक होता. भांडण दोघांचे, दृष्टिकोन तिसऱ्याचा.

१४. लहान मित्रदेशाचे काय? भूतानच्या बातम्या क्वचितच दिसतात.

दिसतात तेव्हाही भूतान त्यांत क्वचितच असतो. जून ते ऑगस्ट २०१७ मध्ये डोकलामला भारत आणि चीन यांचे सैन्य समोरासमोर उभे होते. तो भूभाग भूतान आणि चीन यांच्यातील वादाचा आहे, भारताचा त्यावर दावा नाही. तरीही मथळे जवळजवळ सगळे 'भारत-चीन' असे होते. भूतानच्या परराष्ट्र मंत्रालयाने २९ जूनला स्वतःचे निवेदन काढले आणि रस्ता बांधून चीनने आधीच्या समझोत्यांचे उल्लंघन केल्याचे म्हटले. तरी चर्चा दिल्ली काय करणार आणि बीजिंग काय करणार याचीच चालू राहिली. १९४९ च्या भारत-भूतान करारात परराष्ट्र व्यवहारांत भारताच्या सल्ल्याने चालण्याचे कलम होते, ते २००७ च्या सुधारित करारातून काढले गेले. मथळे लिहिण्याच्या सवयीतून ते अजून निघालेले नाही. त्या पावसाळ्यातले पाच अंक आम्ही कट्ट्यावर चाळले, तेव्हा भूतानच्या राजधानीचा, 'थिंपू' हा शब्द कोठे येतो ते शोधायला नेरुळच्या आजोबांना भिंग काढावे लागले. तो सापडला तो एका नकाशावर, बाणाखाली.